गोव्याहून परत आले आणि झोप उडाली आहे: गोळी, टेस्ट, इन्फेक्शन... काय, कधी, कुठे?

कोरी_पाटी | मंगळवार, रात्री ९:१२

नेहमीच्या आयडीने लिहीत नाहीये, समजून घ्या.

वय २७, पुण्यात नोकरी. ग्रुपबरोबर पाळोळ्याला गेलो होतो. शनिवारी मध्यरात्रीच्या सुमारास ग्रुपमधल्याच एकाशी संबंध आला. दोघांच्या मर्जीने, त्याबद्दल काही म्हणणं नाही. कंडोम होता, पण नंतर पाहिलं तर फाटलेला. रविवारी दुपारी काणकोणात मेडिकल शोधलं तर सगळीकडे शटर खाली. शेवटी सोमवारी सकाळी परतीच्या वाटेवर मडगावला गाडी थांबवून गर्भ राहू नये म्हणूनची ती ७२ तासांवाली गोळी घेतली आणि तिथेच गिळली. शनिवारी पाळीचा तेरावा दिवस होता, म्हणजे नेमका नको तो काळ.

गोळीला उशीर झाला का? उद्या सकाळी घरी टेस्ट केली तर कळेल का?

आणि दुसरं म्हणजे, या मुलाला मी फार ओळखत नाही. "मला काही नाहीये, टेन्शन नको घेऊ" एवढंच म्हणतो. शेवटची टेस्ट कधी केलीस विचारलं तर हसतो. आज माझा घसा दुखतोय, अंग कसकसतंय. एचआयव्हीची लक्षणं गूगल केली आणि हातपाय गार पडले. फॅमिली डॉक्टर बाबांचे मित्र, त्यामुळे तो रस्ता बंद. प्लीज कुणीतरी नीट सांगा.

झणझणीत | मंगळवार, रात्री ९:१९

आधी ते गूगल बंद कर. तिथे शिंक आली तरी तीन क्लिकमध्ये कॅन्सरपर्यंत पोचवतात. ओपीडीवाल्या डॉक्टरांना विचारपुशीत मेसेज टाकलाय, येतील आता. तोवर पाणी पी.

संस्कृतीरक्षक | मंगळवार, रात्री ९:२६

आईवडील विश्वासाने बाहेर पाठवतात आणि मुली तिकडे

(प्रतिसाद संपादित. धाग्यात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर असेल तरच लिहावं. – प्रशासक)

ओपीडी_नंबर_७ | मंगळवार, रात्री ९:३८

कोरी_पाटी, गोळीचं नंतर सांगते. आधी घड्याळ बघ. एचआयव्हीचा संसर्ग होऊ नये म्हणून संबंधांनंतर औषधं देतात, त्याला पेप म्हणतात. ती ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि जितकी लवकर तितकी उपयोगी. तुझे ७२ तास आज मध्यरात्री संपतात. उद्या ओपीडी उघडेपर्यंत थांबायचं नाही. आत्ता रिक्षा कर आणि मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. ससूनला एआरटी सेंटर (एचआयव्हीच्या उपचारांचं केंद्र) आहे, म्हणजे ही औषधं त्यांच्या रोजच्या वापरातली. खासगी हॉस्पिटलला जाणार असशील तर निघण्याआधी फोन करून "पेपची औषधं आत्ता मिळतील का" एवढं विचार. काही अडलं तर १०९७ ही एड्सची टोल फ्री हेल्पलाइन आहे.

घाबरवत नाहीये. देशात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण साधारण ०.२ टक्के आहे, आणि एका वेळच्या संबंधातून लागण होण्याची शक्यता त्याहून कितीतरी कमी. औषधं द्यायची की नाही ते तिथले डॉक्टर तुझ्याशी बोलून ठरवतील, कदाचित नकोही म्हणतील. पण तो निर्णय आज रात्रीच व्हायला हवा. त्या मुलाला फोन करून आधी कधी टेस्ट झालीय का, कसली औषधं चालू आहेत का, ते स्पष्ट विचार. हसला तर परत विचार.

घशाचं म्हणशील तर एचआयव्हीची सुरुवातीची लक्षणं दिसलीच तर २ ते ४ आठवड्यांनी दिसतात, तिसऱ्या दिवशी नाही. हा एसी बसचा घसा आहे.

नलूमावशी | मंगळवार, रात्री ९:४४

बाळा, एकटी जाऊ नकोस. मैत्रीण असेल तर घे बरोबर. आधार कार्ड घे, आणि गोळीचं रिकामं पाकीट असेल तर तेही. आणि काहीतरी खाऊन घे.

कोरी_पाटी | मंगळवार, रात्री ९:५१

निघतेय. रूममेट बरोबर येतेय.

थेम्सकाठी | मंगळवार, रात्री १०:३०

ती परत येईपर्यंत इकडचं सांगतो. इंग्लंडात सेक्शुअल हेल्थ क्लिनिक मोफत असतात, आईबाप नाही की फॅमिली डॉक्टर नाही, कुणाला कळत नाही. बऱ्याच भागांत टेस्टचं किट पोस्टाने घरी येतं. आणि ७२ तास उलटून गेले असतील तर गर्भ राहू नये म्हणून युलिप्रिस्टल नावाची दुसरी गोळी असते, ती १२० तासांपर्यंत चालते. आपल्याकडे मात्र पोरीला आधी "लग्न झालंय का" याचं उत्तर द्यावं लागतं.

समुपदेशक_सातारा | मंगळवार, रात्री १०:५२

थेम्सकाठी, आपल्याकडेही सोय आहे हो, लोकांना माहीत नसते इतकंच. जिल्हा रुग्णालयांत, मेडिकल कॉलेजांत आणि बऱ्याच ग्रामीण रुग्णालयांत आयसीटीसी असतं, म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र. मी अशाच एका केंद्रात काम करतो. एचआयव्हीची टेस्ट फुकट, आधी आणि नंतर बोलणं होतं, रिपोर्ट फक्त तुमच्या हातात. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार तुमच्या संमतीशिवाय टेस्ट करता येत नाही आणि तुमची माहिती गुप्त ठेवावी लागते. बाकीच्या लैंगिक आजारांसाठी सरकारी रुग्णालयांत सुरक्षा क्लिनिक असतं. तिथे लक्षणांप्रमाणे रंगीत पाकिटांत औषधं मिळतात, राखाडी, हिरवं, पांढरं असे रंग. पेशंट रांगेत "मला राखाडी मिळालं" म्हणतात तेव्हा बाजूच्याला काही कळत नाही, ही त्यातली मोठी सोय.

लग्नाचं कुणी विचारलंच तर सरळ सांगायचं, "लग्न झालेलं नाही, संबंध आलेले आहेत, पाळीची तारीख अमुक." आवाज खाली न आणता. समोरच्याला त्यापुढे बोलायला काही उरत नाही.

कोरी_पाटी | बुधवार, पहाटे १:४०

घरी आले. ११ वाजून गेल्यावर पहिली गोळी घेतली. रोज एक, २८ दिवस. ड्यूटीवरच्या डॉक्टर तरुण होत्या, एक प्रश्नही वाकडा विचारला नाही. रक्त घेतलं: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, व्हीडीआरएल (सिफिलिसची टेस्ट), क्रिएटिनिन (किडनीची). म्हणाल्या, हे आजचं चित्र, म्हणजे शनिवारच्या आधी तुला काही नव्हतं ना ते कळण्यासाठी. शनिवारचा निकाल यात दिसणार नाही. खूप मळमळतंय.

ओपीडी_नंबर_७ | बुधवार, सकाळी ७:१५

शाब्बास. मळमळ पहिले काही दिवस राहते, गोळी जेवणानंतर घे. पोटासाठी अँटासिड किंवा लोह-कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांग. त्यांच्यामुळे यातलं डोलुटेग्राविर नीट शोषलं जात नाही, त्यामुळे वेळांत अंतर ठेवावं लागतं. मडगावच्या गोळीवर या औषधांचा परिणाम होत नाही, ती काळजी सोड.

आता ती गोळी. तिच्यात लेव्होनॉरजेस्ट्रेल असतं, १.५ मिलिग्रॅम. ती बीज बाहेर पडणं पुढे ढकलते, एवढंच तिचं काम. बीज आधीच बाहेर पडलेलं असेल किंवा पडण्याच्या बेतात असेल तर तिचा उपयोग होत नाही. म्हणून पहिल्या दिवशी घेतलेली आणि तिसऱ्या दिवशी घेतलेली यात फरक पडतो. तू साधारण दीड दिवसाने घेतलीस, म्हणजे ठीक, पण तेरावा दिवस असल्यामुळे शंभर टक्के निर्धास्त राहा असं मी म्हणणार नाही. घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली होती का? झाली असेल तर ती गोळी मोजायची नाही. आणि या महिन्यात पुन्हा संबंध आले तर ही गोळी त्यासाठी चालत नाही, हे बऱ्याच जणींना माहीत नसतं.

अजून एक पर्याय उद्या रात्रीपर्यंत खुला आहे. पाच दिवसांच्या आत कॉपर टी बसवली तर ती गोळीपेक्षा खूपच जास्त खात्रीची. मूल झालेलं नसलं तरी बसवता येते. डॉक्टर आधी आत इन्फेक्शन नाही ना ते तपासतील.

आज सकाळी घरची प्रेग्नन्सी टेस्ट करू नकोस. गर्भ रुजल्याशिवाय लघवीत एचसीजी (गरोदरपणाचं हार्मोन) येतच नाही, त्यामुळे आज निगेटिव्ह येणारच आणि तू उगाच खूश होशील. संबंधांपासून २१ दिवस झाले की सकाळच्या पहिल्या लघवीवर कर. ती निगेटिव्ह आली तर खरी.

केमिस्ट_दादा | बुधवार, सकाळी १०:०५

काउंटरच्या या बाजूने सांगतो. सोमवारी सकाळी दुकान उघडलं की पहिली दोन-तीन गिऱ्हाइकं याच गोळीची असतात. निम्मे लोक विचारतात, "याने एचआयव्ही पण होत नाही ना?" ही गोळी इन्फेक्शनला काडीचाही अडसर करत नाही. आणि दुसरे, त्याच खेपेला "सेफ्टीसाठी" अझिथ्रोमायसिनची स्ट्रिप मागणारे. मी देत नाही, पण पुढच्या चौकात मिळते हेही खरं.

टीबीचं रिफाम्पिसिन किंवा फिट्सच्या काही गोळ्या चालू असतील तर ही गोळी कमी पडते. तेव्हा कुणी मागायला आलं की मी विचारतो. मुलींना राग येतो, पण विचारतो.

कोरी_पाटी | गुरुवार, रात्री ८:३३

उलटी झाली नव्हती. आज गायनॅककडे जाऊन आले. कॉपर टीबद्दल सगळं ऐकून घेतलं, पण माझी हिंमत झाली नाही. वाट बघायची ठरवलंय. घसा बरा आहे :)

नवीन तक्रार: कालपासून प्रचंड खाज आणि दह्यासारखं पांढरं जातंय. हे तेच आहे का? रूममेट म्हणते डेटॉलच्या पाण्याने धू.

नलूमावशी | गुरुवार, रात्री ८:४०

डेटॉल नको गं बाई!

ओपीडी_नंबर_७ | गुरुवार, रात्री ९:०२

मावशींना अनुमोदन. डेटॉल नको, सुगंधी वॉश नको, आत पाणी मारणंही नको.

पाळोळ्याला ओल्या स्विमसूटमध्ये दिवसभर शॅकवर बसला होतात ना? वास नसलेला, दह्याच्या कवड्यांसारखा स्राव आणि खाज हे बहुतेक वेळा कँडिडा असतं, बुरशी. ती बहुतेक बायकांना कधी ना कधी होते आणि लैंगिक आजारांत तिची गणना होत नाही. तपासून घे, साधं औषध आहे. मेडिकलमधून खाजेची ट्यूब मात्र आणू नकोस. त्यातल्या बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. दोन दिवस बरं वाटतं आणि मग बुरशी दुप्पट पसरते.

ट्रिपहून आल्यावर लघवीला जळजळ होते ती पण खूपदा साधी युरिन इन्फेक्शन असते. प्रवासात "वाटेत बाथरूम चांगलं नाही" म्हणून पाणी न पिणं हेही त्याचं एक कारण. पण हिरवट-पिवळा किंवा घाण वासाचा स्राव, ओटीपोटात दुखणं, ताप, जखम यातलं काही दिसलं तर वाट बघायची नाही.

आणि काहीच दिसलं नाही म्हणजे सुटलो असंही नाही. क्लॅमिडिया आणि गनोरिया बायकांमध्ये गुपचूप बसतात. वर्षभराने गर्भनळ्यांना सूज, मग मूल राहत नाही म्हणून तपासण्या, आणि तेव्हा कळतं. दोन आठवड्यांनी स्वॅबची न्याट टेस्ट (जंतूचा जनुकीय अंश शोधणारी) कर.

नवा_आयडी_११ | शुक्रवार, रात्री ११:४७

धागा वाचून धीर करतोय. मी पुरुष, ३४, लग्न झालेलं. मित्रांबरोबर पटायाला गेलो होतो. काय झालं असेल ते समजून घ्या, कंडोम वापरला नाही. परत येऊन आठवडा झाला. लघवीला आग आणि सकाळी पू येतो. मेडिकलमधून अझिथ्रोमायसिन घेतलं, थोडं कमी झालं. आता बरं समजायचं का? परत आल्यावर बायकोशी एकदा संबंध आलाय. आम्ही मुलासाठी प्रयत्न करतोय, म्हणून काही वापरत नाही.

झणझणीत | शनिवार, सकाळी ८:१०

मालक, तुम्हाला वेगळा धागा लागेल. आणि वेगळी खोलीसुद्धा, बहुतेक.

ओपीडी_नंबर_७ | शनिवार, सकाळी ९:२५

झणझणीत, गप्प बस जरा. त्याने विचारलंय ते बरं केलंय.

नवा_आयडी, नाही, बरं समजायचं नाही. पू म्हणजे गनोरिया असण्याची शक्यता बरीच, आणि सोबत क्लॅमिडियाही असू शकतो. गनोरियाचा जंतू भलताच चिवट झालाय, जुनी अँटिबायोटिक्स त्याला चालत नाहीत. अर्धवट औषधाने पू थांबतो, जंतू नाही. त्यासाठी सेफ्ट्रायॅक्सोनचं इंजेक्शन लागतं, पण डोस मी इथे लिहिणार नाही. स्किन-व्हीडीच्या (त्वचा आणि लैंगिक आजारांच्या) डॉक्टरकडे किंवा सुरक्षा क्लिनिकला आजच जा आणि अझिथ्रोमायसिन घेतलंय हे सांगा, टेस्टच्या निकालावर त्याचा परिणाम होतो. रेल्वेलाइनच्या भिंतीवर नंबर रंगवलेल्या "गुप्तरोग तज्ज्ञा"कडे जाऊ नका, कृपा करून.

पेपची वेळ गेली. एचआयव्हीची टेस्ट आत्ता एक, मग ४५ दिवसांनी फोर्थ जनरेशनची (अँटिबॉडी आणि विषाणूचा अंश दोन्ही शोधणारी), शेवटची तीन महिन्यांनी. सिफिलिससाठी व्हीडीआरएल सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी. त्याची पहिली जखम दुखत नाही आणि आपोआप भरते, म्हणून पुरुष ती विसरून जातात.

आता न आवडणारा भाग. तुमच्या पत्नीलाही उपचार लागतील, तिला काहीही होत नसलं तरी. ती कदाचित गरोदर असेल किंवा लवकरच राहील. क्लॅमिडियासाठी मोठ्यांना सर्रास देतात ते डॉक्सिसायक्लिन गरोदरपणात टाळतात, वेगळं औषध द्यावं लागतं. म्हणजे तिला आणि तिच्या डॉक्टरांना खरं काय ते माहीत असल्याशिवाय तिला योग्य औषध मिळणारच नाही. "कॅल्शियमची आहे" म्हणून तिच्या हातात गोळी ठेवणारे नवरे मी पाहिलेत. तसं करू नका.

उपचार पूर्ण होऊन किमान सात दिवस संबंध नकोत. नंतर तीन महिन्यांचा रिपोर्ट येईपर्यंत कंडोम, आणि मुलाचे प्रयत्न तोवर बंद.

नवा_आयडी_११ | शनिवार, सकाळी ९:५८

तिला न सांगता काही मार्ग नाही का? घर मोडेल.

समुपदेशक_सातारा | शनिवार, दुपारी १२:१६

साहेब, माझ्यासमोर रोज कोणीतरी हे विचारतं. तुम्ही नाही सांगितलं तरी ती गरोदर राहिली की पहिल्याच तपासणीत एचआयव्ही आणि सिफिलिस बघतात. तेव्हा तिला नर्सकडून कळण्यापेक्षा आत्ता तुमच्याकडून कळलेलं बरं. सिफिलिस गरोदरपणी कळलं तर पेनिसिलिनने बरं होतं. नाही कळलं तर बाळ पोटातच दगावू शकतं.

दोघांनी एकत्र या. केंद्रात तुम्हाला आधी एकटं बोलता येतं, मग समुपदेशकासमोर तिला सांगता येतं. भांडण होतंच, ते आम्ही थांबवत नाही. पण औषध त्याच दिवशी सुरू होतं.

काळा_कोट | शनिवार, दुपारी ३:४०

मूळ धाग्याकडे. समजा कोरी_पाटीची प्रेग्नन्सी टेस्ट पॉझिटिव्ह आली, तर लोक उगाच घाबरवतात म्हणून कायदा सांगून ठेवते. १८ पूर्ण झालेल्या मुलीला गर्भपातासाठी फक्त स्वतःची सही लागते. आईवडिलांची नाही, त्या मुलाची नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भनिरोधक फसल्याचं कारण "विवाहित स्त्री आणि पती" यांच्यापुरतं राहिलेलं नाही, तिथे आता "स्त्री किंवा तिचा जोडीदार" असं आहे. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. काही गटांना २४ पर्यंत मुभा आहे, आणि त्यात अविवाहित स्त्रियाही येतात असं सुप्रीम कोर्टाने २९ सप्टेंबर २०२२ ला स्पष्ट केलंय. नाव गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक.

गोळ्यांनी गर्भपात ९ आठवड्यांपर्यंतच, आणि डॉक्टरच्या देखरेखीत. ऑनलाइन मागवून घरी घेऊ नका.

ओपीडी_नंबर_७ | शनिवार, दुपारी ४:०५

शेवटच्या वाक्याला जोडते: गर्भ नळीत असेल तर त्या गोळ्या त्याला काही करत नाहीत आणि नळी फुटली तर जिवावर बेतते. आधी सोनोग्राफी.

कोरी_पाटी | पुढचा सोमवार, दुपारी १:३०

आज थोडं रक्त गेलं. पाळी आली म्हणायची का? म्हणजे सुटले?

झणझणीत | सोमवार, दुपारी १:३३

पार्टी!

ओपीडी_नंबर_७ | सोमवार, दुपारी २:१०

पार्टी थांबवा. गोळीनंतर मधेच असं थोडं रक्त जातं, ती पाळी नाही. खरी पाळी आठवडाभर मागेपुढे होऊ शकते. २१ व्या दिवसाची टेस्ट रद्द होत नाही.

कोरी_पाटी | तीन आठवड्यांनंतर, रविवार, सकाळी ७:२०

एकच रेघ. पाच मिनिटं थांबून परत पाहिलं, एकच. पाळी सहा दिवस उशिरा, काल रात्री आली. न्याट टेस्ट निगेटिव्ह. बुरशी औषधाने गेली. पेपच्या गोळ्या अजून चालू आहेत, एकही चुकवलेली नाही.

तो मुलगा आधी फोनच उचलत नव्हता. मग मी मेसेज केला की मी औषधं घेतेय, तू निदान रक्त तरी दे. शेवटी देऊन आला, रिपोर्ट पाठवला, निगेटिव्ह. पुन्हा भेटायचं म्हणतोय. मी उत्तर दिलेलं नाही.

नलूमावशी | रविवार, सकाळी ७:५२

नको देऊस.

ओपीडी_नंबर_७ | रविवार, सकाळी ८:४०

फार बरं वाटलं. त्याचा रिपोर्ट एकट्याने पुरेसा नाही, तुझ्या सहा आठवड्यांच्या आणि तीन महिन्यांच्या टेस्ट ठरल्याप्रमाणे करायच्या. पेपचे २८ दिवस पूर्ण कर. हिपॅटायटिस बीचा रिपोर्ट काय होता?

कोरी_पाटी | रविवार, सकाळी ९:०५

निगेटिव्ह, पण अँटिबॉडीज नाहीत. लहानपणी लस दिली नव्हती बहुतेक. पहिला डोस घेतलाय.

ओपीडी_नंबर_७ | रविवार, सकाळी ९:३०

नव्वदच्या दशकातल्या बऱ्याच मुलांना मिळालेली नाही, सरकारी लसीकरणात ती नंतर आली. दुसरा डोस एक महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. एचपीव्हीची लसही विचारून घे. आता आपल्या पुण्याच्या सीरमचीही आहे. संबंध आलेले असले तरी तिचा फायदा होतो.

नवा_आयडी_११ | रविवार, रात्री १०:१५

सांगितलं. ती माहेरी आहे. जाण्याआधी दोघांनी इंजेक्शन घेतलं, तिची गरोदरपणाची टेस्ट निगेटिव्ह होती. माझी व्हीडीआरएल पुढच्या महिन्यात. तिची तेव्हाच करायची की वेगळी?

ओपीडी_नंबर_७ | रविवार, रात्री १०:३२

तिचे सहा आठवडे तुमच्या पटायापासून नाही, तुमच्या दोघांच्या शेवटच्या संबंधापासून मोजायचे. तारीख लिहून तिला पाठवा. ती माहेरच्या गावी आयसीटीसीत जाऊन करू शकते, तुम्ही बरोबर असण्याची गरज नाही.